दुसऱ्याचे म्हातारे

माझा व्यवसाय सांगितला की लोक एक तर विषय बदलतात, नाहीतर हळूच विचारतात, "मग मी किती जगणार?" मी अ‍ॅक्च्युअरी. मराठीत विमागणिती असा शब्द आहे, पण तो उच्चारला की मी पॉलिसी गळ्यात मारायला आलेय असं समोरच्याला वाटतं. खरं काम साधं आहे. कुणीतरी हजार माणसांना म्हातारपणी दरमहा पैसे द्यायचं कबूल केलेलं असतं. ती माणसं साधारण किती जगतील, तोवर किती पैसे लागतील आणि त्यासाठी आज तिजोरीत किती असायला हवेत, ते आम्ही सांगतो. एकट्यादुकट्या माणसाचं आम्हाला काही कळत नाही, हजारांचं बऱ्यापैकी कळतं. सिंगापुरातल्या एका शिपिंग कंपनीच्या साहेबांना हे मी परोपरीनं समजावलं होतं, तरी निघताना त्यांनी कानाशी येऊन आपल्या सासूबाईंचं वय सांगितलंच.

या वार्षिकाच्या संपादकबाईंनी लेख मागताना "आकडे मात्र नकोत हं" अशी तंबी दिली. ती मला सोयीचीच आहे, कारण ज्या प्रकरणाबद्दल लिहायचंय त्यातले आकडे मी कधीच विसरलेय.

सार्सची साथ ओसरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आम्ही सिंगापुरात क्लेमेंटी भागात सरकारी फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायचो. नवरा जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीत इंजिनियर, कंपनीच्या बसनं जायचा. मी एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, शहरातल्या ऑफिसात. तिथे एक दिवस मिस्टर लिम आले. मालवाहतूक कंपनीचे मालक. अशा मालकाला सिंगापुरात टाउके म्हणतात. त्यांच्या वडिलांनी एका जुन्या लॉरीवर धंदा सुरू केला होता, आणि आता जुरोंगमध्ये त्यांचं मोठं यार्ड होतं. आयलंडवरची रसायनांची पिंपं आणि कंटेनर बंदरापर्यंत त्यांच्या गाड्या न्यायच्या. बुटके, गोल चेहऱ्याचे, सतत घाईत असलेले गृहस्थ. बोलताना समोरच्या टेबलावर बोटांनी टकटक करायची सवय.

लिमना अमेरिकेतली एक ट्रक कंपनी विकत घ्यायची होती. ओहायोकडची, लाल रंगाच्या लांबलचक ट्रकांची. त्यांनी फोटो दाखवले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सौदा त्यांच्या डोक्यात कमी आणि काळजात जास्त आहे. पैसा उभा करायला ते वडिलांची कंपनी, यार्ड आणि गाड्यांसकट, बँकेकडे गहाण ठेवणार होते.

"किंमत ऐका, मॅडम," ते म्हणाले. "एवढ्या पैशात इथे मला नुसत्या गाड्या मिळत नाहीत. तिथे गाड्या, गोदामं, गिऱ्हाइकं, सगळं आलं."

"इतकी स्वस्त का?" मी विचारलं.

"मालक म्हातारा झालाय, दमलाय. मुलांना रस नाही. असतं की असं."

असतं खरं. पण एखादी गोष्ट फार स्वस्त मिळाली की मला झोप लागत नाही. भाजी घेतानाही माझं असंच होतं. ड्रायव्हरांच्या पेन्शनचे कागद आमच्याकडे तपासायला आले होते, ते मी घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. मुलगी टॅम्पिनीसच्या मैत्रिणीकडून आली, एक पान उचलून वाचलं आणि वाक्याला सिंगापुरी शेपूट लावत म्हणाली, "आई, so boring lah." मला मात्र त्यात रहस्यकथेची गोडी लागली होती. कंपनी फायद्यात, ट्रक धडधाकट, गिऱ्हाइकं जुनी. मग मालक एवढ्या घाईनं का विकतोय?

उत्तर पेन्शन फंडात होतं, आणि ते समजायला मला पुण्याची मदत झाली.

अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांची युनियन जबरदस्त. ड्रायव्हर आयुष्यात दहा मालक बदलतो, मग त्याचं पेन्शन कुणी द्यायचं? युनियननं तोडगा काढला. एका भागातल्या अनेक कंपन्यांनी मिळून एकच फंड काढायचा. ड्रायव्हर कुणाच्याही गाडीवर असो, त्या कंपनीनं त्याच्या कामाच्या तासांप्रमाणे फंडात पैसे भरायचे. त्यानं मालक बदलला तरी पेन्शन मागच्या पानावरून पुढे चालू.

ऑफिसातल्या सिंगापुरी सहकाऱ्यांना हे चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटलं, कारण माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पुण्याच्या भुसार बाजारात माथाडी कामगार होते. पोती वाहायचे. आज या व्यापाऱ्याच्या दारात, उद्या त्या. त्यांना एक मालक असा नव्हताच. सगळे व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायचे आणि मंडळ दादांना महिन्याला पगार द्यायचं, फंड आणि बोनस सांभाळायचं. मालक अनेक, पेटी एक. त्या पेटीवर मी शिकले, म्हणून तिचं कौतुक माझ्या रक्तातच आहे.

पण अमेरिकन पेटीत एक गोम होती. तिनं ड्रायव्हरांना मरेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. आता समजा, फंडातल्या दहा कंपन्यांपैकी सहा बुडाल्या. त्यांनी पैसे भरणं थांबवलं. त्यांचे ड्रायव्हर मात्र जिवंत आहेत आणि त्यांना शब्द दिलेला आहे. मग ते पैसे कोण देणार? उरलेल्या चार कंपन्या. आमच्या धंद्यात अशा म्हाताऱ्यांना 'अनाथ' म्हणतात. सत्तरीचे, नातवंडं असलेले दांडगे बाप्ये, आणि कागदावर अनाथ. लिमना आवडलेल्या कंपनीच्या फंडात गाड्या चालवणारे थोडे उरले होते आणि घरी बसलेले त्यांच्या कितीतरी पट. त्यातले निम्म्याहून जास्त अनाथ.

मी यार्डावर जाऊन लिमना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले.

"एवढंच ना? घेतल्या घेतल्या मी त्या फंडातून बाहेर पडतो. आपल्याकडे कसं असतं? प्रत्येकाचं स्वतःचं खातं. पगारातून थोडं कापलं, थोडं मालकानं घातलं, त्याच्या नावावर जमा. तसं प्रत्येक ड्रायव्हरला खातं उघडून देतो. त्यांचंही भलं होईल. सोप्पंय, लाह."

सिंगापुरात वाढलेला माणूसच अशी चूक करू शकतो, आणि ती अगदी सरळ मनानं करतो. इथे ज्याचा पैसा त्याच्या नावावर, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. दोघांचा पैसा एका पेटीत मिसळलेला असू शकतो हेच लिमना पटत नव्हतं.

"बाहेर पडायचंही मोल आहे," मी म्हणाले. "पेटीत जेवढं भगदाड आहे, त्यातला तुमचा वाटा भरूनच बाहेर पडता येतं. त्यात अनाथांचाही वाटा आला. आणि तिथला कायदा म्हणतो, मालक एक असेल तर त्याच्या सगळ्याच कंपन्या जबाबदार. तो हात जुरोंगपर्यंत पोचेल का, यावर वकिलांचं एकमत नाही."

बोटांची टकटक थांबली.

"माझ्याकडे त्यांनी एक दिवस गाडी चालवली नाही. त्यांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. मी का द्यायचे?"

याला कायद्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्यांनी प्रश्न कायद्याचा विचारलाच नव्हता.

रविवारी पुण्याला फोन लावला. दादा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, आवाज मात्र खणखणीत. जय भीम झाला, तब्येती विचारून झाल्या आणि मी न राहवून त्यांना सगळी हकीकत सांगितली. माझ्या कामात त्यांनी एरवी कधी रस घेतला नव्हता. या वेळी मात्र त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मग यात वाईट काय हाय? शब्द दिला तर पाळायचा. आमच्या टोळीत काय होतं?"

टोळीची गोष्ट मला माहीत होती, पण ती त्यांच्या तोंडून ऐकायला मला आवडायचं. दादांच्या टोळीत दिवसभराची मजुरी एकत्र मांडून मंडळाकडे सारख्या वाट्यानं नोंदवायची रीत होती. शंकरनाना म्हणून टोळीतले सगळ्यात जुने. त्यांचे गुडघे गेले. टोळीनं त्यांना घरी पाठवलं नाही. ते ट्रकवर उभं राहून दुसऱ्यांच्या पाठीवर पोतं चढवून द्यायचे, दमले की बसून तंबाखू मळायचे. त्यांचा वाटा पूर्ण. त्यांची पोती बाकीच्यांनी उचलायची, आणि याची कुठे वाच्यता करायची नाही.

"आणि तू," दादा म्हणाले, "तू त्या मालकाला सांगतीयेस, की हे ओझं घेऊ नको. मालकाच्या बाजूनं बसलीस तू, पोरी."

"दादा, मी कुणाच्याच बाजूनं नाही. पेटीत काय आहे तेवढं मी सांगते."

"हां. सांग की." मग जरा थांबून म्हणाले, "त्या म्हाताऱ्यांना म्हाईत हाय का, त्यांचं कोण उचलतंय ते? आमच्या नानाला म्हाईत होतं."

फोन ठेवला तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. इतक्या कागदांत मला एकदाही तो पडला नव्हता.

पुढच्याच महिन्यात अमेरिकन मालक सिंगापूरला आला. त्याचं नाव वॉल्टर. कधी काळी उंचनिंच असावा, आता खांद्यातून वाकलेला. सौद्याचं बोलायचं म्हणून लिमनी त्याला यार्डावर आणलं होतं आणि मलाही बोलावलं होतं. पण दोघं ऑफिसात शिरायलाच तयार नव्हते. लिमच्या दारामागे एक लाकडी दांडका असायचा. तो घेऊन ते ट्रकाच्या चाकांवर ठोकत जायचे आणि आवाजावरून हवा ओळखायचे. वॉल्टरनं ते पाहिलं आणि नुसता हात पुढे केला. लिमनी दांडका दिला. त्या उकाड्यात, कोट घातलेला तो म्हातारा एकेका चाकावर ठोकत, मान वाकडी करून ऐकत चालला. एका चाकापाशी थांबला, पुन्हा ठोकलं आणि लिमकडे पाहिलं. लिमनी मान हलवली आणि फिटरला हाक मारली. दोघांत एक शब्दही झाला नव्हता. मला त्या क्षणी वाटलं, की आता सौदा झालाच.

मग यार्डच्या कॅन्टीनमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, आली, घट्ट गोड दूध घातलेली. मी वॉल्टरला दादांचा प्रश्न विचारला. "तुम्ही ज्यांच्यासाठी पैसे भरता त्या दुसऱ्या कंपन्यांच्या म्हाताऱ्यांना माहीत आहे का, की तुम्ही भरता?"

विकणाऱ्यानं या विषयावर बोलायचं नसतं, हे वॉल्टरला कळत होतं. पण बहुधा त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आमच्या गावात माझ्यासमोर एक कंपनी होती," तो म्हणाला. "निळे ट्रक. वीस वर्षं त्यांनी मला बुडवायचा प्रयत्न केला आणि मी त्यांना. रात्रंदिवस डोक्यात तेच. शेवटी मी जिंकलो. त्यांनी कुलूप लावलं. त्या दिवशी मी मित्रांना जेवण दिलं. आणि मग मला कळलं, की बक्षीस म्हणून मला त्यांचे सगळे म्हातारे मिळालेत."

लिम हसले नाहीत. वॉल्टरही हसला नाही.

"नाक्यावर एक हॉटेल आहे," तो पुढे म्हणाला. "तिथे त्या निळ्या कंपनीचा एक ड्रायव्हर रोज सकाळी बसलेला असतो. माझी गिऱ्हाइकं पळवण्यात हा सगळ्यांत पुढे असायचा. आता मी गेलो, की माझ्या कॉफीचे पैसे तोच देतो. मला देऊच देत नाही. म्हणतो, तू माझं पेन्शन भरतोस, मी तुझी कॉफी भरतो."

"मग तुम्हाला राग येतो का?" मी विचारलं.

"आधी यायचा. आता मी तिथे जातो ते त्या कॉफीसाठीच. पण बाई, मी दमलोय. माझ्या समोर आता कुणीच उरलं नाही ज्याला मी बुडवू शकेन. आणि बुडवलं तर त्याचेही म्हातारे माझ्याकडे येतील."

स्वस्ताईचं उत्तर मालकानं स्वतःच्या तोंडानं दिलं होतं. तो वॉशरूमला गेला तेव्हा लिम माझ्याकडे वळले.

"मॅडम, रिपोर्ट नंतर द्या. आत्ता खरं सांगा. घेऊ का नको?"

असं थेट उत्तर आम्ही कधी देत नाही. आमच्याकडे 'जर', 'तर' आणि 'साधारणपणे' यांचा मोठा साठा असतो. पण समोरच्या भिंतीवर लिमच्या वडिलांचा त्या पहिल्या लॉरीजवळ उभा असलेला फोटो होता, खिडकीबाहेर त्यांचे ड्रायव्हर डबे उघडून जेवत होते, आणि तो प्रामाणिक म्हातारा कुठल्याही क्षणी परत येणार होता. मी त्यांना दादांच्या टोळीची गोष्ट सांगितली. नानांचे गुडघे, पूर्ण वाटा, सगळं.

लिमनी लक्ष देऊन ऐकलं. "चांगली माणसं," ते म्हणाले. "किती जण होते टोळीत?"

"आधी पुष्कळ. मग काही दुसऱ्या कामाला गेले. पोरं शिकली, ती या कामात आली नाहीत. मीही आले नाही. शेवटी उचलणारे थोडे राहिले आणि बसलेले तीन झाले."

"मग उचलणाऱ्यांचं काय झालं?"

"त्यांचीही पाठ गेली. लवकर गेली."

"तुमचे वडील कशात होते? उचलणाऱ्यांत का बसलेल्यांत?"

"आधी उचलणाऱ्यांत," मी म्हणाले. "शेवटची काही वर्षं बसलेल्यांत."

लिमनी बाहेर जेवणाऱ्या ड्रायव्हरांकडे पाहिलं. "टोळीत नवी माणसं आली असती तर?"

"तर टोळी चालली असती. मिस्टर लिम, ती पेटी वाईट नाही. पेटी चांगलीच आहे. पण ती चालायला मागून माणसं यावी लागतात, आणि तिथे मागून कुणी येत नाहीये. तुम्ही एकटे जाऊन ते भगदाड बुजणार नाही. तुमची टोळी मात्र त्यात जाईल."

वॉल्टर आला तेव्हा लिम उभे राहिले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सौदा होणार नाही म्हणून तिथल्या तिथे सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, पण वॉल्टरला कळायचं ते कळलं. जाताना तो मला म्हणाला, "तुमचा प्रश्न चांगला होता." मला तेव्हा वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. माझा सल्ला बरोबर होता, अजूनही मी तोच देईन, तरी वाईट वाटतं. दादांना मी एवढंच सांगितलं, की सौदा मोडला. ते 'हं' म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले.

मग दोन हजार आठची मंदी आली. माल हलायचा थांबला. वॉल्टरच्या कंपनीला कुलूप लागल्याचं लिमकडून कळलं. दोघांचा फोनवर संबंध टिकला होता, हे मला तेव्हाच समजलं. लाल ट्रक विकले गेले, गोदामं विकली गेली, आणि आलेला बहुतेक पैसा भगदाडातला वाटा म्हणून फंडात गेला. वॉल्टरचे ड्रायव्हर अनाथांत जमा झाले.

त्यानंतर साधारण वर्षभरानं लिमचा फोन आला. "मॅडम, यार्डावर या. पाहुणा आलाय."

वॉल्टर कॅन्टीनमध्ये त्याच खुर्चीवर बसला होता. कोट नव्हता, अंगात फुलाफुलांचा शर्ट. लिमनीच तिकीट पाठवून त्याला पंधरा दिवसांसाठी बोलावलं होतं. सकाळी दोघं मिळून चाकं ठोकत फिरायचे. मी तब्येत विचारली, मुलांची चौकशी केली आणि शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, "आता भागतं कसं तुमचं?"

"पेन्शनवर," तो म्हणाला.

मला समजलं नाही. ते पेन्शन ड्रायव्हरांचं, मालकाचा त्याच्याशी काय संबंध?

"मी काही जन्मजात मालक नव्हतो," वॉल्टर म्हणाला. "तरुणपणी बरीच वर्षं ट्रक चालवला. युनियनचं कार्ड होतं माझ्याकडे. त्या वर्षांचं पेन्शन आता येतं, महिन्याच्या पहिल्या तारखेला. थोडंच आहे, पण येतं."

"कुठल्या कंपनीत होतात?"

"निळ्या," तो म्हणाला.

इतकी वर्षं तो ज्यांच्यासाठी भरत होता, त्यांतला एक तो स्वतः होता.

"आता आमच्या भागात एकच कंपनी राहिलीये फंडात," वॉल्टर म्हणाला. "तिचा मालक चाळिशीतला आहे, तिरसट आहे. माझी बरीच गिऱ्हाइकं त्यानंच नेली. रोज सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात येतो." त्यानं कोपीचा कप माझ्याकडे सरकवला. "त्याच्या कॉफीचे पैसे आता मी देतो."

रविवारी हे दादांना सांगितलं. निळ्या कंपनीचं त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, मग म्हणाले,

"म्हणावं त्याला, आलास बाबा टोळीत."